सोलापूरच्या गावांतून नर्स घडवायच्या, तर सुरुवात कुठून करायची?

नर्सेस अपुऱ्या आहेत ही तक्रार सोलापूर जिल्ह्यात नवी नाही. ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांत ऐकू येते, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ऐकू येते, आणि जिथे उपकेंद्राची इमारत आहे पण मुक्कामाला आरोग्यसेविका नाही, तिथे ती अडलेल्या बाळंतपणाच्या रात्री सगळ्यांत जास्त जाणवते. अशा वेळी आपण रिकाम्या जागा भरण्याची मागणी करतो, आणि ती मागणी रास्तच आहे. मात्र जागा भरली जाणे आणि भरलेली व्यक्ती त्या गावात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरापासून शेकडो किलोमीटरवर नेमणूक मिळालेली मुलगी पहिल्या दिवसापासून बदलीच्या अर्जाचा विचार करते, आणि त्यात तिची काही चूक नाही. म्हणून या लेखात प्रश्न थोडा मागे नेऊन विचारला आहे: करमाळा, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा अशा तालुक्यांतल्या शाळांत आज शिकणारी मुले-मुली नर्सिंगकडे वळावीत, ते शिक्षण पूर्ण करू शकावीत आणि आपल्याच भागात काम करावेसे त्यांना वाटावे, यासाठी नेमके काय काय जुळून यावे लागते?

ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकत नाहीत ही अडचण जगभरची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना आरोग्यशिक्षणात जाणीवपूर्वक प्रवेश द्यावा, शिक्षणसंस्था मोठ्या शहरांबाहेर काढाव्यात आणि शिकत असतानाच विद्यार्थ्यांना खेड्यांतल्या कामाचा अनुभव द्यावा, हे त्यांतले ठळक मुद्दे आहेत. जो मुलगा किंवा मुलगी खेड्यात वाढली, ती पुढे खेड्यात काम करण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक देशांतल्या अनुभवांवरून दिसून आले आहे. पगारवाढ, घरभत्ता, बढती यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण कर्मचारी टिकवण्याचे काम नेमणुकीच्या दिवशी नव्हे तर त्याच्या कितीतरी वर्षे आधी, शाळेत सुरू होते, एवढे यातून लक्षात घ्यायला हवे.

सोलापूरच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते, आणि माझ्या मते ते फार मोठे आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कितीतरी घरांत कानडी बोलली जाते, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्त्यांत तेलुगू चालते, कुठे दखनी उर्दू आहे, तर तांड्यांवर बंजारा बोली. दवाखान्यात आलेली म्हातारी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत ‘पोटात आग होते’ एवढेच सांगते, पण ती आग छातीच्या मधोमध आहे की बेंबीजवळ, जेवल्यावर होते की चार पावले चालल्यावर, हात जड होतो का, दरदरून घाम फुटतो का, हे तिला तिच्या भाषेत विचारले तरच कळते. आग बेंबीजवळ आणि जेवल्यावर होत असेल तर ॲसिडिटीची गोळी दिली जाईल, आणि छातीत, चालल्यावर होत असेल तर ताबडतोब ईसीजी काढला जाईल. हे प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते, कारण रुग्णाच्या जवळ सर्वाधिक वेळ तीच असते.

नर्सच्या कामाविषयी आपल्या समाजात ज्या समजुती आहेत, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. ‘डॉक्टर सांगतील ते करायचे’ आणि ‘दुसऱ्यांची घाण काढायची’ या दोन वाक्यांत हे काम संपवले जाते, आणि दहावीतली हुशार मुलगी ते ऐकून दुसरीकडे वळते. प्रत्यक्षात काय असते ते दोन साध्या उदाहरणांवरून पाहू.

डॉक्टरांनी लिहिले आहे की रुग्णाला ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे. सलाईनच्या नेहमीच्या सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, म्हणजे एकूण १०,००० थेंब झाले. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला की मिनिटाला ४१ ते ४२ थेंब येतात, आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत नळीवरचे चाक फिरवून तो वेग बसवावा लागतो. गणित आठवीतल्या मुलीला जमेल असे आहे. परंतु रुग्णाचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, आणि हाच वेग चुकून दुप्पट झाला, तर पाणी फुप्फुसांत साचून त्याला श्वास लागू शकतो. म्हणून वेग बसवून झाल्यावरही दर थोड्या वेळाने येऊन तो तपासणे, रुग्णाचा श्वास आणि लघवीचे प्रमाण पाहणे, सुई टोचलेल्या जागी सूज आली आहे का हे बघणे आणि काही वावगे दिसल्यास डॉक्टरांना उठवण्याचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेणे, हे सगळे त्या एका सलाईनमध्ये येते.

दुसरे उदाहरण गावातल्या लसीकरणाच्या दिवसाचे आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. आरोग्यसेविका लस घेऊन निघते ती बर्फाच्या पट्ट्या घातलेल्या लहान पेटीतून. लसीच्या बाटलीवर एक गोल खूण असते आणि तिच्या आत फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो, आणि तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नसते. बाहेर वीस बायका बाळांना घेऊन बसलेल्या असताना ही खूण पाहून बाटली बाजूला ठेवण्यासाठी ज्ञान लागते आणि ठामपणाही लागतो. ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन कारखान्याजवळ कोप्या टाकून राहिलेल्या कुटुंबांतल्या बाळांचा कोणता डोस झाला आणि कोणता राहिला, याचा हिशेबही तीच लावते.

हे काम शिकवणारे अभ्यासक्रम तीन पायऱ्यांचे आहेत, आणि त्यांतला फरक न समजल्यामुळे बरीच कुटुंबे चुकीचा निर्णय घेतात. पहिली पायरी एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ). दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम मुलींसाठी असून बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रात काम करणारी आरोग्यसेविका ती हीच. दुसरी पायरी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी), म्हणजे तीन वर्षांची पदविका. त्यालाही बारावी कोणत्याही शाखेची चालते, मात्र इंग्रजी विषय उत्तीर्ण आणि किमान ४० टक्के गुण हवेत. तिसरी पायरी बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी, आणि तिच्यासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेच लागतात. खुल्या गटाला किमान ४५ टक्के गुणांची अट आहे, आरक्षित गटांना त्यात सवलत आहे. महाराष्ट्रात या पदवीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात या चार विषयांबरोबर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात. पदवीच्या परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर एएनएम आणि जीएनएम यांच्या परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे असतात. कोणताही मार्ग घेतला तरी शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी व्हावीच लागते. ती झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करण्याचा अधिकार मिळत नाही.

या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, ही गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. जीएनएम झालेली मुलगी पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होऊ शकते, त्यानंतर एम.एस्सी. करू शकते, महाविद्यालयात शिकवू शकते किंवा अतिदक्षता विभागातल्या विशेष शिक्षणाकडे वळू शकते. म्हणजे बारावी कला शाखेतून झाली म्हणून सगळे संपले, असे मुळीच नाही. फक्त वाट लांबची होते.

तरीही निर्णयाची खरी वेळ दहावीनंतरचीच आहे. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसते, एसटी एकच असते, ती संध्याकाळी उशिरा परत येते, आणि घरचे म्हणतात की मुलीने जवळच कला शाखेत नाव घालावे. त्या एका निर्णयाने बी.एस्सी. नर्सिंगचे थेट दार बंद होते, आणि हे दार बंद झाल्याचे तिला दोन वर्षांनी, बारावीच्या निकालानंतर कळते. गणित नको म्हणून विज्ञान शाखाच टाळणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत. त्यांना कोणी सांगितलेले नसते की गणित सोडून जीवशास्त्र घेऊनही विज्ञान शाखेत शिकता येते. म्हणून नर्सिंगची माहिती बारावीच्या निरोप समारंभात सांगून उपयोग नाही. ती नववीत आणि दहावीच्या सुरुवातीला, मुलगी आणि तिची आई दोघी समोर असताना सांगितली गेली पाहिजे.

कागदपत्रांचेही तसेच आहे. आरक्षित प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवण्यासाठी वडिलांचे किंवा आजोबांचे जुने शालेय दाखले शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. जे कुटुंब अकरावीत हा अर्ज करते त्याला बारावीनंतर धावपळ करावी लागत नाही. जे निकालानंतर तहसील आणि पडताळणी समितीच्या फेऱ्या सुरू करते त्याच्या हातून प्रवेशाची फेरी निसटू शकते. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांचीही आठवण विद्यार्थ्यांना शाळेनेच करून द्यावी. वर्गशिक्षकाने एक दुपार यासाठी दिली, तरी पुढचे कितीतरी नुकसान टळते.

आता पैशाचा प्रश्न. यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यावर ज्या घराची चूल पेटते, त्या घराला चार वर्षांचे शिक्षण ऐकूनच धडकी भरते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु शुल्काच्या बाबतीत चित्र बरेच बदलले आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत लागू केली. ती सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आणि सोलापूरसाठी विशेष महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदणीकृत विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो आणि त्यासाठी आईचे विडी कामगार ओळखपत्र लागते. ज्या शहरात हजारो बायका विड्या वळतात, ज्या शहराशेजारी कुंभारीत विडी कामगारांची एवढी मोठी वसाहत उभी राहिली, तिथल्या प्रत्येक दहावीच्या वर्गात ही माहिती पोहोचलेली असायला हवी.

शिष्यवृत्तीतून न भागणारा खर्च मात्र राहतोच, आणि मुली बहुतेक वेळा त्याच खर्चापायी गळतात. वसतिगृहाची अनामत रक्कम, दोन जोड गणवेश, बूट, पुस्तके, मेसचे पहिले दोन महिने, येण्याजाण्याचे भाडे. शासनाची रक्कम नंतर येते आणि हे पैसे आधी द्यावे लागतात. खरे तर ही रक्कम एका गावाला जड नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या मुलीला मदत देता येईल का, हे ग्रामसभेत विचारता येते. गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने आणि समाजाची वसतिगृहे यांनी मिळून दरवर्षी दोन मुलींच्या या सुरुवातीच्या खर्चाची जबाबदारी घेतली, तर दहा वर्षांत त्या परिसरातल्या वीस मुली नर्सिंगला प्रवेश घेऊ शकतील. ही मदत बिनव्याजी आणि विनाअट असावी असे मला वाटते. ‘परत गावातच यायचे’ असा करार लिहून घेणे मला पटत नाही. सतरा वर्षांच्या मुलीकडून असा शब्द घेणे अन्यायाचे आहे, आणि ज्या गावाने तिला मान दिला त्याच्याशी तिचे नाते करारावाचूनही टिकते.

इथे एका धोक्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. सहा महिन्यांचा किंवा वर्षभराचा ‘नर्सिंग कोर्स’ आणि त्यानंतर नोकरीची हमी, अशा जाहिराती तालुक्याच्या एसटी स्टँडवर हमखास दिसतात. रुग्ण-सहाय्यकाचे काम शिकवणारा अभ्यासक्रम म्हणून त्याला काही अर्थ असू शकतो, पण त्यातून कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. मुलगी पांढरा कोट घालून एखाद्या खासगी दवाखान्यात उभी राहते, लोक तिला सिस्टर म्हणतात, इंजेक्शनेही देऊ लागते, आणि चार वर्षांनी सरकारी भरतीचा अर्ज भरताना तिच्या लक्षात येते की कायद्याच्या दृष्टीने ती नर्सच नाही. परराज्यातल्या महाविद्यालयांत दलालामार्फत घेतलेल्या प्रवेशांचेही असेच आहे. कर्नाटक आपल्याला जवळ आहे, तिथे चांगली महाविद्यालये आहेत आणि तिथे शिकायला काहीच हरकत नाही. परंतु पैसे भरण्याआधी त्या महाविद्यालयाला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि त्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, त्याला स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय आहे का आणि त्या रुग्णालयात खरोखर रुग्ण असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. ‘हजर राहिले नाही तरी चालेल’ असे कोणी सांगितले, तर तिथून लगेच परत फिरावे. वॉर्डात न शिकलेल्या नर्सच्या हाती उद्या आपलीच आई असेल.

प्रवेश झाला की दुसरी अडचण समोर येते ती इंग्रजीची. मराठी किंवा कानडी माध्यमात शिकलेली मुलगी पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक उघडते आणि तिला वाटते की आपल्याला हे जमणार नाही. वर्गात तिच्यापेक्षा कमी समज असलेली पण इंग्रजी शाळेतून आलेली मुले भराभर उत्तरे देतात. या काळात तिला बुद्धिमत्तेची नव्हे, सोबतीची गरज असते. ज्या नर्सेस आता नोकरी करत आहेत किंवा निवृत्त झाल्या आहेत, त्यांनी आपल्या गावच्या एखाद्या मुलीला पहिल्या वर्षभर आठवड्यातून एकदा फोन करून तिच्या अडचणी ऐकल्या, तरी ती टिकते. शक्य असेल तिथे बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत शाळेतल्या विज्ञान आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून शरीराचे अवयव, मोजमापे, औषधे देण्याचे मार्ग यांचे मूलभूत शब्द शिकवणारा वर्ग घ्यावा. सलाईनच्या थेंबांचे वर दिलेले गणित तिथे आधीच सोडवलेले असेल, तर पहिल्या वर्षीची भीती निम्मी होते.

पालकांच्या मनात याहून खोलवर असलेल्या शंका मात्र पुस्तकांच्या नसतात. रात्रपाळी, परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणे आणि लग्न जमेल का, या त्या शंका आहेत. त्यांना मागासलेपणा म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही. मुलगी रात्री अकरा वाजता वॉर्डातून वसतिगृहाकडे कशी जाते, रस्त्यावर दिवे आहेत का, वसतिगृहाला वॉर्डन आहे का, हे विचारणाऱ्या आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर देणे संस्थेचे काम आहे. पालकांनी प्रवेशाआधी वसतिगृह पाहावे, तिथल्या मुलींशी बोलावे. ‘लोक काय म्हणतील’ या शंकेला मात्र उत्तर गावानेच द्यायचे असते. ज्या गावात डॉक्टर झालेल्या मुलाचा फेटा बांधून सत्कार होतो आणि नर्स झालेल्या मुलीचे नावही कोणाला माहीत नसते, त्या गावातली दुसरी मुलगी या वाटेने जाणार नाही.

सोलापूरला आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. १९१० मध्ये इथे जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान या तिथे नर्सिंग शिकवत असत, ही गोष्ट मात्र आपण शाळेत मुलांना सहसा सांगत नाही. ती सांगायला हवी, कारण आघाडीवरची ती शस्त्रक्रियागृहे शिकवून तयार केलेल्या नर्सेसशिवाय एक दिवसही चालली नसती.

मुलांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जीएनएम आणि बी.एस्सी. हे दोन्ही अभ्यासक्रम मुलांना खुले आहेत, रुग्णालयात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, मनोरुग्णांचे वॉर्ड अशा ठिकाणी त्यांची गरज मोठी आहे. बारावीनंतर पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तयारीत वर्षे घालवणाऱ्या गावातल्या मुलांना हा पर्याय कोणी सुचवतच नाही.

केरळकडे पाहिले की हे चक्र कसे फिरते ते समजते. महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांनी केरळच्या सिस्टर पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. तिथे एका घरातली मोठी बहीण नर्स झाली की धाकटीला फॉर्म कुठे भरायचा हे विचारायला बाहेर जावे लागत नाही. मावशी, चुलतबहीण, शेजारीण, कोणीतरी आधीच त्या वाटेने गेलेली असते. एखाद्या वस्तीत पहिली मुलगी तयार करणे सगळ्यांत कठीण असते, दुसरी तिच्या मागोमाग येते. म्हणून विखुरलेल्या मदतीपेक्षा एका केंद्रशाळेच्या परिसरावर चार-पाच वर्षे लक्ष देणे मला जास्त फलदायी वाटते.

शिकलेल्या मुली बाहेर निघून जातील, हा आक्षेप नेहमी येतो. काही जातील. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात नर्सेसचाही समावेश आहे. विडी वळणाऱ्या आईची मुलगी जर्मनीत जाऊन घर उभे करत असेल, तर तिला अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्या हातात एवढेच आहे की जिला राहायचे आहे तिला राहता यावे.

त्यासाठी जिल्ह्यात कोणती कामे उपलब्ध आहेत, हे विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असावे. राज्याच्या रुग्णालयांत नर्सचे पद ‘अधिपरिचारिका’ या नावाने भरले जाते आणि सातव्या वेतन आयोगानुसार त्याची वेतनश्रेणी मूळ ३५,४०० रुपयांपासून सुरू होते; जिल्हा परिषदेकडच्या आरोग्यसेविकेची २५,५०० पासून. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे, इथे रेल्वेचे रुग्णालय आहे, आणि रेल्वेतल्या नर्सिंग पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. सिव्हिल हॉस्पिटल, महापालिकेचे दवाखाने, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, शहरातली सहकारी आणि खासगी रुग्णालये ही यादी लहान नाही. याशिवाय आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्य केंद्रांत रूपांतर झाल्यापासून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, आणि त्या पदासाठी नर्सिंगचे पदवीधरही पात्र असतात. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी, औषधे देणे, पुढे पाठवायचे रुग्ण ओळखणे हे काम ही अधिकारी गावात राहून स्वतंत्रपणे करते.

खासगी रुग्णालयांतले वेतन मात्र अनेक ठिकाणी फारच कमी आहे, आणि ही गोष्ट मुलींपासून लपवू नये. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक नर्स असायला हवी. प्रत्यक्षात एका सिस्टरकडे रात्री अख्खा वॉर्ड असतो, आणि तिची पाठ, झोप, स्वभाव सगळे त्यात झिजते. रुग्णालयाच्या चालकांनी हे समजून घेतले नाही, तर आपण कितीही मुली तयार केल्या तरी त्या दोन वर्षांत हे काम सोडतील.

गावाच्या हातात असलेल्या गोष्टी यापेक्षा सोप्या आहेत. उपकेंद्राच्या निवासस्थानाला दाराची कडी नीट हवी, नळाला पाणी हवे, रात्री दिवा हवा. शौचालयाची टाकी तुंबली असेल तर ती ग्रामपंचायतीने उपसून द्यावी. रात्री आरोग्यसेविकेला बोलावताना घरातल्या बाईमाणसाने सोबत यावे, आणि सेविकेचे स्वतःचे मूल लहान असेल तर ते सांभाळायला शेजारची कोणी थांबावी. आषाढीच्या दिवसांत पालख्यांच्या वाटेवर आणि पंढरपुरात ड्युटी लागून ती आठवडाभर घरी येत नाही, तेव्हा तिच्या घराची चौकशी करावी. आणि जूनमध्ये शाळा उघडली की तिला नववी-दहावीच्या वर्गात बोलवावे, पालकांनाही त्या दिवशी बोलवावे, तिने आपली लसीची पेटी, बीपीचे यंत्र आणि कौन्सिलचे नोंदणीपत्र सोबत आणावे, आणि आशाताईंनी कोणत्या घरात विज्ञान शाखा घेऊ शकेल अशी मुलगी आहे ते मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्या मुलीची आई त्या सभेला नक्की येईल.